व्हॉल्व्हमागचा दिवा

आपला आवाज भारदस्त आहे हा माझा गैरसमज कचेरीतल्या तीस वर्षांच्या कारकुनीत कोणीही दूर केला नाही, कारण ज्याच्या टेबलावर आपला अर्ज पडून आहे त्याच्या कंठाची चिकित्सा करण्याचे धाडस कोणता पक्षकार करील? सेवानिवृत्तीनंतर हरसूलच्या घरी बसून ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या स्वमुखे ध्वनिमुद्रित कराव्यात आणि भावी पिढ्यांच्या हवाली कराव्यात, असा संकल्प मी सोडला. पहिलाच अध्याय ऐकताना मात्र जप्तीची नोटीस वाचणारा सर्दी झालेला बेलिफ कानी पडला. दोष अर्थातच यंत्राचा होता.

हे यंत्र म्हणजे मायक्रोफोनकडून येणारा कृश विद्युत्संकेत पुष्ट करणारा स्वस्तातला ट्यूब प्रीअँप. त्याच्या दर्शनी खिडकीत काचेचा व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, असा नारिंगी तेजाने तळपत असे, की सायंकाळी त्याच्यापुढे मी नकळत हात जोडले असल्याची साक्ष सौभाग्यवती देतील. जाणकारांनी सल्ला दिला, की आतली १२एएक्स७ काढून १२एयू७ बसवावी. दोहोंची बैठक नऊ टाचण्यांचीच, परंतु पहिलीचा वर्धनांक शंभर, दुसरीचा विसाच्या आसपास, म्हणून आवाज कमी फाटतो आणि खरखर ओसरते. मी थेट स्लोव्हाकियात घडलेली ट्यूब मागविली.

येथे व्हॉल्व्ह या वस्तूविषयी चार शब्द लिहिल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. १९०६ साली ली द फॉरेस्ट नामक अमेरिकन गृहस्थाने निर्वात काचेतील तापलेला तंतू आणि पत्रा यांच्या दरम्यान एक जाळी बसविली, आणि एखाद्या किरकोळ शिपायाने कचेरीचे दार किंचित कमीजास्त उघडून साऱ्या तालुक्याच्या गर्दीवर हुकमत चालवावी, तद्वत चिमुकल्या संकेताने मोठा प्रवाह आवरण्याची युक्ती मनुष्यास साधली. आमच्या लहानपणीच्या रेडिओत असे चारपाच शिपाई असत. त्या रेडिओचा परवाना पोस्टात पैसे भरून दरसाल नवा करावा लागे, आणि तो कागद घरच्या खरेदीखतांच्या पेटीत मानाने ठेवलेला असे. खटका दाबल्याबरोबर आवाज यावा असा उतावळेपणा त्या यंत्राला ठाऊक नव्हता. आतले तंतू तापेपर्यंत वडील हात मागे बांधून उभे राहत, आम्ही भावंडे जमिनीवर बसत असू, आणि मग गरम धुळीचा व बेकलाइटचा वास सुटून त्या वासातूनच जणू बातम्या बाहेर पडत. १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह काढले. दुरुस्तीवाला ते पेन्सिलीने हलकेच ठोकून पाही. आतले भाग सैल असले म्हणजे कर्ण्यातून घंटेसारखा नाद येई. वैद्याने नाडी पाहावी तसे ते दृश्य होते आणि मोठेपणी रेडिओ दुरुस्तच करावयाचे असा माझा निश्चय होता. पुढे दुरुस्त्या केल्या त्या सातबाराच्या उताऱ्यांतल्या.

असो. ट्यूब वाटेवर असतानाच, फाल्गुनात, पाड्यावरचे संबळवाले बाबा आले. बोहाड्यात मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात ती यांच्या संबळावर. "भाऊसाहेब, सोंगासोंगाची चाल निराळी असते. नातवाच्या कानी राहील असं तुमच्या पेटीत भरून ठेवा," एवढेच त्यांचे मागणे होते. बोलता बोलता त्यांनी संबळ चुलीसमोर धरला, तळव्याने कातडे चाचपले, पुन्हा धरला. "तापल्याबिगर बोलत नाही," असे म्हणून त्यांनी वाकड्या टोकाची काठी एकदाच मारली, तो फडताळातली भांडी खणखणली.

मी म्हणालो, "ट्यूब येऊ द्या, बाबा. मग करू."

ट्यूब आली ज्येष्ठात. जुनी उपटून बाजूस ठेवली आणि चुकून खटका दाबला गेला, तो रिकाम्या खिडकीत तेच नारिंगी तेज! "आजोबा, तो मागचा एलईडी आहे," नातू म्हणाला आणि हसता हसता जमिनीवर लोळला. मग कळले, की ज्या ट्यूबला दोनशेहून अधिक व्होल्टचा आहार हवा तिला अशा पेटीत अर्धपोटी ठेवतात. वर्धनाचे बहुतेक काम चिप करतात, आणि ट्यूब समारंभाच्या अध्यक्षासारखी मध्यभागी शोभते. तरी नवी बसविली. खरखर खरोखरच ओसरली, त्यामुळे पत्र्यावरचा हरसूलचा पाऊस आणि माझा मूळ आवाज ही दोन्ही अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागली.

पाऊस सरला, भात कापून झाले आणि बाबा मुलासुनेबरोबर गिरणाऱ्याच्या मजूरनाक्यावर निघून गेले, तेथून कोणा बागाइतदाराच्या द्राक्षमळ्यात. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचे कागद मी स्वतः हाताळले आहेत. तरी दिवाळी झाली की पाडे ओस पडतात ते पडतातच, आणि त्या चाली ज्याला ठाऊक, तो म्हातारा रोजावर घड विरळीत बसतो, याचा मला अद्याप संताप येतो. त्या संतापाचा मोठा हिस्सा, रीतसर वाटणी केली तर, माझ्याच नावे निघेल. चुलीपाशी संबळ तापलेला होता, मायक्रोफोन जोडलेला होता, जुनी ट्यूबही ठणठणीत होती.

बोहाड्याच्या रात्री कोणा वाचकाने फोनवर का होईना हरसुलातला संबळ टिपला असेल, तर कृपया कळवावे. मोबदल्यात स्लोव्हाकियाची १२एयू७, फक्त एकदा पेन्सिलीने ठोकलेली, मिळेल. टपालखर्च माझा.