केशरक्षणाचा कबुलीजबाब

(एका गृहनिर्माण संस्थेचा तळमजला. अन्न व औषध प्रशासनाच्या सेवेतून वयोमानानुसार निवृत्त झालेले, आणि ज्यांच्या मस्तकावरील केसांनी मात्र मुदतपूर्व निवृत्ती पत्करलेली आहे असे एक गृहस्थ झोपाळ्यावर बसले आहेत. शेजारी मांजर निजले आहे. वरच्या मजल्यावरील एक उपवर तरुण टोपी घालून आणि कापडी पिशवी छातीशी धरून प्रवेश करतो.)

विरळकेश : काका, जरा खासगी काम होते. दार लोटून घेऊ?

निरीक्षक : घे. पण खासगी काम घेऊन येणाऱ्याने पिशवीतल्या बाटल्या अशा किणकिणवीत जिना उतरू नये. काय आणले आहेस ते एकेक करून मेजावर मांड, आणि ती टोपी काढ. या घरात टकलाला कोणी नावे ठेवील अशी धास्ती बाळगण्याचे तुला काही प्रयोजन नाही.

विरळकेश : हे तेल. ही डोक्याला लावायची बाटली. आणि ह्या गोळ्या. रविवारी मुलगी पाहायला जायचे आहे, जमलेच तर दीड महिन्यात साखरपुडा उरकावा असा आईचा बेत आहे. तोपर्यंत निदान माथ्याचा मधला भाग भरून यावा, आणि ही गोष्ट कोणाच्या म्हणजे कोणाच्याही कानावर जाऊ नये, एवढीच माझी दरखास्त आहे. यांतले निर्धोक कोणते तेवढे सांगा.

निरीक्षक : पंचनाम्याला क्रम लागतो. आधी तेल. (चष्मा कपाळावर चढवून, बाटली डोळ्यांजवळ नेऊन) ‘एकवीस दिवसांत नवे केस. संपूर्ण नैसर्गिक. अपाय शून्य.’ वा! आमच्या औषध नियमांना ‘जे’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची ती यादी, आणि तीत कर्करोग, मोतीबिंदू अशा भारदस्त मंडळींच्या पंक्तीला टक्कलही मानाने बसविलेले आहे. इंग्रजी वर्णानुक्रमामुळे त्याचे पान अंधत्वाच्या अगदी शेजारी मांडले गेले. आणि असली बाटली डोळे उघडे ठेवून विकत घेणारे गिऱ्हाईक पाहिले की तो शेजार मला कधी अनुचित वाटला नाही.

विरळकेश : पण परंपरागत नुसखा आहे म्हणतात.

निरीक्षक : परंपरेचे काय सांगतोस! सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ईजिप्तमधील एबर्स पपायरसात सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड या सहा जणांची चरबी एकत्र करून टकलावर चोळण्याचा नुसखा नमूद आहे. परंपरेने केस उगवावयाचे असते तर माझ्यासारख्यांच्या माथ्यावर आज अरण्य असते. तेल बाजूला ठेव. भजी तळायलाही ते उपयोगी नाही. आता ही बाटली. मिनॉक्सिडिल, पाच टक्के. हा माल खरा आहे. खोक्यातला कागद कोठे आहे?

विरळकेश : तो घडीचा कागद? तो फेकून दिला. बाटलीला धक्का लागू नये म्हणून घातलेला असेल असे वाटले.

निरीक्षक : माझी सारी नोकरी तो कागद खोक्यात पडावा म्हणून गेली, आणि तू तो गवताच्या भावात काढलास! असो. जबानी तोंडी घे. हे द्रव्य केसांसाठी जन्मलेलेच नव्हे. अमेरिकेतील अपजॉन कंपनीची ती रक्तदाबाची गोळी. १९७९ साली त्या कामासाठी मंजूर झालेली. रुग्णांचा रक्तदाब उतरला खरा, परंतु त्याचबरोबर त्यांच्या कपाळावर, गालांवर, दंडांवर, म्हणजे ज्या ज्या ठिकाणी कोणी अर्ज केलेला नव्हता त्या त्या ठिकाणी केस उगवू लागले. उपद्रवाचेच उत्पन्न करता येईल हे चाणाक्ष माणसांच्या तत्काळ ध्यानी आले, आणि १९८८ साली तेच औषध डोक्याला लावण्याचे पाणी म्हणून दरबारात रुजू झाले.

विरळकेश : म्हणजे मी डोक्याला रक्तदाबाचे औषध चोळतो आहे? माझा रक्तदाब तर उत्तम आहे!

निरीक्षक : कातडीतून फार थोडे आत जाते. पण थोडे म्हणजे काहीच नाही असे नव्हे. टाळूला खाज, कातडे सुटणे हे नित्याचे, आणि क्वचित छातीत धडधड, घेरी, पावलांना सूज. हल्ली हेच औषध अल्प मात्रेत पोटातूनही देऊ लागले आहेत, आणि तेथे तर ही सूज नि धडधड अधिकच लक्षात ठेवावी लागते. तेव्हा ज्याच्या हृदयाची काही कुरकुर असेल त्याने... थांब. तू हे लावून आला आहेस काय?

विरळकेश : आत्ताच. निघता निघता.

निरीक्षक : (मांजर तरुणाच्या खांद्यावर चढून त्याच्या कानामागे नाक खुपसू लागले आहे, ते झडप घालून उचलतात, आतल्या खोलीत सोडतात, कडी लावतात.) मांजराने हे थेंबभर चाटले तरी त्याचा जीव जाऊ शकतो. त्याचा रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी साचते. ज्या घरात मांजर आहे त्या घरात ही बाटली, ती लावलेला हात, आणि ते डोके टेकलेली उशी, या तिन्ही वस्तू त्याच्यापासून दूर ठेवाव्या लागतात. तान्ह्या मुलांचेही तेच. स्पेनमध्ये २०१९ साली अर्भकांच्या आम्लपित्तावरील औषधात चुकून हे मिसळले गेले आणि डझनाहून अधिक बाळांच्या अंगभर लव माजली. औषध थांबवल्यावर ती ओसरली. पण लेकराला न्हाऊ घालताना त्या आयांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ती कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही.

विरळकेश : (ओशाळून) मी आल्याबरोबरच सांगायला हवे होते. पण केस येतात ना?

निरीक्षक : पुष्कळांना येतात. सर्वांना नव्हे. आणि चार महिने तरी वाट पाहावी लागते. त्यातही प्रथम काही आठवडे गळती वाढते, कारण जे केस आधीच विसाव्याला टेकलेले असतात त्यांना नवे केस खालून रेटा देतात.

विरळकेश : म्हणजे साखरपुड्याच्या मुहूर्तावर मी आजच्यापेक्षाही विरळ असेन?

निरीक्षक : हिशेब अगदी बरोबर आहे. फोटोवाल्याला आगाऊ सूचना दे. आणि एक कलम राहिले. हे खरेदीखत नव्हे, भाडेपट्टा आहे. सारा भरीत आहेस तोवर ताबा तुझा. लावणे सोडलेस की तीन-चार महिन्यांत आलेले कूळ बेदखल होते आणि जमीन पूर्ववत पडीक.

विरळकेश : आणि गोळीचे? तिला ना उशी लागते, ना मांजर.

निरीक्षक : फिनास्टेराइड, एक मिलिग्रॅम. हिची चिठ्ठी कोणी दिली?

विरळकेश : चिठ्ठी नाही. एका अनुभवी गृहस्थांनी सुचवली. नाव घेणार नाही असा शब्द दिला आहे.

निरीक्षक : चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असलेली गोळी ज्याने दिली त्याचे नाव गुप्त राहावे, हे ओघानेच आले. ऐक. हिची कुळकथा मोठी विलक्षण आहे. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे हिपोक्रेटीसच्या काळापासून ठाऊक होते, आणि १९४२ साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तसल्या माणसांवरच पौरुषद्रव्याचा दोष सप्रमाण सिद्ध केला. म्हणजे टकलावर शंभर टक्के गुणकारी असा एक उपाय मानवजातीजवळ अडीच हजार वर्षे आहेच.

विरळकेश : तो नको.

निरीक्षक : बहुतेकांचे मत तेच पडले. पुढे १९७४ साली ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ले या विदुषीने डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास नावाच्या खेड्यातल्या काही मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. ती जन्मतः मुली समजून वाढवली जात, आणि वयात येताना त्यांचे पुरुषत्व प्रकट होई. टेस्टोस्टेरॉन या पौरुषद्रव्यापासून त्याचे अधिक जहाल रूप घडविणारे एक विकर त्यांच्या देहात उणे होते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राही, आणि माथा मात्र भरलेला. ते विकर अडवणारी गोळी मर्क कंपनीने बनवली. १९९२ साली पाच मिलिग्रॅमची, वृद्धांच्या प्रोस्टेटसाठी. आणि १९९७ साली एक मिलिग्रॅमची, तरुणांच्या भांगासाठी. बहुतेकांची गळती ती थांबवते, यात वाद नाही.

विरळकेश : मग अडले कोठे?

निरीक्षक : जेथे अडावे असे कोणत्याही उपवराला वाटणार नाही तेथे. कामेच्छा मंदावणे आणि तदनुषंगिक तक्रारी. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांनी अशी एखादी तक्रार नोंदवली.

विरळकेश : (घाम पुसत) शंभरात चार!

निरीक्षक : आणि जिच्यात औषधाचा कणही नाही अशी नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के लोकांनी. एवढ्यावर थांबू नकोस. इटलीतील वैद्यांनी २००७ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला की, पाच मिलिग्रॅमची हीच गोळी प्रोस्टेटच्या रुग्णांना देताना निम्म्यांना या उपद्रवाची कल्पना द्यायची आणि निम्म्यांना द्यायची नाही. ज्यांना सांगितले नव्हते त्यांच्यातील सुमारे १५ टक्क्यांनी तक्रार केली. ज्यांना सांगितले त्यांच्यातील सुमारे ४४ टक्क्यांनी.

विरळकेश : काका! मग तुम्ही मला हे सांगितलेत कशाला?

निरीक्षक : कारण खोक्यातला कागद तू फेकून दिलास. आता मात्र थोडा गंभीर हो. ही सगळी मनाची भीती, असे म्हणून हात झटकणारेही मला मान्य नाहीत. गोळी बंद केल्यावरही काहींच्या तक्रारी टिकून राहतात, ही नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली तिच्या माहितीपत्रकात घातली. उदासीनता आणि आत्मघाताचे विचार यांचीही गोष्ट अशी झटकून टाकता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षासमितीने आत्मघाताचे विचार या गोळीच्या दुष्परिणामांत निश्चित केले. किती जणांना होते हे प्रमाण ठरविता येत नाही, लाभ अजून धोक्याहून अधिक आहे असेच त्या समितीचेही मत. परंतु मन विनाकारण काळवंडू लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, याला अपवाद नाही. प्रोस्टेटचा रोगी गोळी घेतो तेव्हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजार असतो. तुझ्या दुसऱ्या पारड्यात रविवारचे पोहे आहेत.

विरळकेश : धोका पटला. पण समजा, रीतसर डॉक्टरांना विचारून घेतली, आणि काही झाले नाही, तर निदान गुपित तरी गुपित राहील?

निरीक्षक : तेथेच तर खरी गंमत आहे. तू रक्तदान करतोस ना? गेल्या खेपेचे प्रशस्तिपत्र तुझ्या आईने सगळ्या इमारतीला दाखवले होते.

विरळकेश : करतो. त्याचा काय संबंध?

निरीक्षक : तुझे रक्त एखाद्या गर्भवतीला चढले तर पोटातील मुलग्याच्या अवयवांची घडण बिघडण्याची भीती, म्हणून गोळी सोडून महिना लोटल्याशिवाय रक्त द्यायचे नसते. रक्तपेढीत सांगावे लागेल. आणि त्याच कारणास्तव ही गोळी फुटलेली किंवा कुटलेली असेल तर गर्भवतीने, किंवा गर्भाची शक्यता असलेल्या स्त्रीने, तिला हातसुद्धा लावायचा नसतो. अखंड गोळीवर लेप असतो, तिचे भय नाही. पण तुझ्यासारखे काटकसरी लोक पाचाची गोळी आणून सुरीने तिचे तुकडे करतात, आणि ती सुरी त्याच ओट्यावर राहते.

विरळकेश : म्हणजे जिला कळू नये म्हणून गोळी घ्यायची, तिलाच लग्नानंतर गोळी दाखवून सांगायचे?

निरीक्षक : तारीखवार. रोमारिओचे नाव ऐकले असशील, ब्राझीलचा फुटबॉलपटू. त्या काळी ही गोळी खेळाडूंच्या निषिद्ध यादीत होती, कारण तिच्या आड स्टेरॉइडे लपतात असा संशय होता. २००७ साली तपासणीत त्याच्या देहात ती सापडली, आणि आपण केसांसाठी औषध घेतो ही कबुली त्या विश्वविजेत्याला साऱ्या जगापुढे द्यावी लागली. पुढे २००९ पासून यादीतून तिचे नाव कमी झाले, पण कबुली मागे घेता येत नाही. आता कागद घे आणि लिही. ज्यांना इत्तला द्यावयाची त्यांची यादी. पहिला, त्वचारोगतज्ज्ञ, कारण ताप, रक्तातील लोह, थायरॉइड, यांपैकी कशाने केस जात असतील तर दोन्ही औषधे फुकट.

विरळकेश : (लिहीत) त्वचारोगतज्ज्ञ.

निरीक्षक : दुसरी, रक्तपेढी. तिसरी, नियोजित वधू. चौथे, घरातले एखादे जवळचे माणूस, ज्याला तुझ्या चेहऱ्यावरची उदासी तुझ्याआधी दिसेल. तेव्हा आईच लिही. पाचवा, पन्नाशीनंतर प्रोस्टेटची रक्ततपासणी करणारा. कारण या गोळीने त्या तपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, आणि न सांगितल्यास तो बिचारा खोट्या आकड्यावर खूश होईल. सहावे, माझे मांजर. पण त्याला मीच समजावून सांगेन.

विरळकेश : (यादीकडे पाहत) काका, एवढ्या लोकांनी माझे नुसते टक्कलसुद्धा अजून पाहिलेले नाही.

निरीक्षक : मग लपवायचे उरले कोणापासून?

विरळकेश : खरे सांगू? मुलीचे एवढे काही नाही. तिच्या वडिलांचे डोके तुमच्यासारखेच आहे. तिला सवय असेल. मला धाक आहे तो आमच्या हेडक्लार्कचा. त्यांचे मेज माझ्या पाठीमागे आहे, फायली घ्यायला उभे राहिले की माझा माथा त्यांना वरून सरळ दिसतो, आणि एकदा का त्यांना कळले की मी औषध घेतो, की चहाच्या वेळेपर्यंत शिपायापासून साहेबापर्यंत वर्दी जाईल.

निरीक्षक : ठीक. त्यांचे नाव यादीत घालू नकोस. आता तो शब्द मोडून एवढे सांग, ह्या गोळ्या तुला कोणी सुचवल्या?

विरळकेश : (बराच वेळ गप्प राहून) त्यांनीच. हे पाकीटसुद्धा त्यांच्याच खणातले आहे.