बेसाल्टकाका

बिबवेवाडीत दर दोन सोसायट्यांमागे एक बेसाल्टकाका असतोच. आमच्या वाट्याला आलेले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. मुलगा-सून फिनिक्सला, व्हिसा दहा वर्षांचा, एक गुडघा बरा. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी भिंग. नाव पाटीवर आहे, पण पोरांनी 'बेसाल्टकाका' केल्यापासून वॉचमनही तेच सांगतो.

या जातीच्या माणसाला डोंगर नुसता बघता येत नाही. तुम्ही "वा!" म्हणालात की तो लगेच विचारतो, "वा काय? सांग बघू, हा कडा उभाच का?" तुम्ही गप्प. मग तासभर तोच बोलतो.

मागच्या उन्हाळ्यात काका मॉन्युमेंट व्हॅली बघून आले. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर नवाहो लोकांच्या जमिनीत, सपाट वाळवंटातून हजारेक फूट उभे उठलेले तांबडे सुळके आणि बुरूज. दिग्दर्शक जॉन फोर्डने १९३९ चा 'स्टेजकोच' चित्रपट तिथं चित्रित केला आणि तेव्हापासून ते अवघ्या जगाच्या ओळखीचे झाले. १९५८ पासून नवाहोंनी तिथं स्वतःचं उद्यान चालवलंय. तिकीट त्यांचं, वाटाड्या त्यांचा. सतरा मैलांच्या धुळीच्या रस्त्यापलीकडे त्याच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, नवाहो करतात. त्यामुळे हद्द ओलांडल्याबरोबर मोबाइलमध्ये बाराचा एक झाला. काका गेली चाळीस वर्षं एकला जेवतात. त्यांनी तिथल्या तिथं डबा उघडायला लावला. जगप्रसिद्ध दृश्याकडे पाठ करून काकूंनी थालीपिठं वाढली.

"मग मी वाटाड्याला सांगितलं, आमच्याकडे तैलबैला आहे. दोन भिंती शेजारी शेजारी, अगदी तुमच्या या हातमोज्यांच्या आकाराच्या दोन बुरुजांसारख्या."

"तो काय म्हणाला?"

"मान हलवली. भला माणूस."

"अहो, तो गाडीत बसा म्हणत होता," आतून काकू.

इतकं मात्र खरं, की काकांचं शास्त्र पक्कं आहे. त्या बुरुजांचा उभा भाग वाळूच्या खडकाचा, सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाऱ्याने उडवलेल्या टेकड्या दगड झालेल्या. खाली मऊ चिखलदगड. तो झिजून मागे सरतो, वरच्याचा पाया सुटतो आणि भेगांवरून अख्खी फळी सरळ खाली येते. म्हणून कडा ताठ आणि पायथ्याशी उतरती घसरण. माथ्यावर आणखी एक कठीण थर टोपीसारखा बसलेला असतो, तोवर बुरूज टिकतो. एके काळी हे सगळं सलग पठार होतं, पाण्याने आणि हिमाने कापून कापून एवढंच उरलं. आपल्या सह्याद्रीचीही तीच तऱ्हा: सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार, आणि मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा. "फरक एवढाच, त्यांची वाळू, आपली आग," काका म्हणतात. 'आपली' म्हणताना छाती फुगते, जणू लाव्हा त्यांच्याच खात्याने सोडला होता.

न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकपुढे मात्र त्यांनी तुलना केली नाही. जुन्या ज्वालामुखीच्या नळीतला दगड तेवढा उरला, भोवतालचं सगळं झडून गेलं, असा सुमारे दीड हजार फुटांचा तो सुळका. नवाहोंना पवित्र, त्यामुळे चढायला बंदी. "बरोबर आहे," काका म्हणाले. "देवावर बूट घालून कोण चढतं?" मला हा माणूस पहिल्यांदाच आवडला, पण लगेच त्यांनी धोडप किल्ल्याच्या डाइकचा, म्हणजे लाव्ह्याच्या उभ्या भिंतीचा, फोटो काढला.

घरी परतल्यावर सिंहगड. रविवारी सगळं पुणं तिथं पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खायला जातं. काका भज्याची बशी हातात धरून कड्यातले थर मोजतात. नाक्यावर वनखातं गाडीमागे उपद्रव शुल्क घेतं. काकूंच्या मते ते माणसामागे घ्यायला हवं, निदान एका माणसामागे तरी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंहगड नाही. काका दोन दिवस गच्चीवर गेले नाहीत. "जिंजी घेतला! तमिळनाडूतला! आणि तोही ग्रॅनाइटचा!"

हल्ली मात्र त्यांना लांब जायची गरज उरलेली नाही, शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट सुरू आहे. पत्र्याच्या कुंपणाला एक भोक आहे, सकाळी सातपासून त्याला काकांचा डोळा लावलेला. वर भराव, मग मुरूम, मग मांजऱ्या नावाचा बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा दगड, खाली काळा पाषाण. परवा ब्रेकरने फोडलेल्या मांजऱ्यात पांढरे खडे चमकले, तर काका थेट आत शिरले. डोक्यावर हेल्मेट नाही, हातात भिंग. वाघोलीच्या खाणीत निळंशार कॅव्हन्साइट सापडतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात, मग बिबवेवाडीने काय घोडं मारलंय? ढेकूळ धुतलं, उलटंसुलटं केलं. निळं काही नव्हतं. सुईसारख्या पांढऱ्या काड्यांचा पुंजका होता. "झिओलाइट! लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत पाणी झिरपून झालेलं!" पोकलेनवाल्याने इंजिन बंद केलं. साइट इंजिनिअर धावत आला.

"काका, इथं खाली पाणी लागेल का?"

"सांगतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी—"

"काका, पझेशन डिसेंबरात द्यायचंय हो."

काका बाहेर आले ते ढेकूळ रुमालात बांधूनच. शोकेसमध्ये जागा नव्हती, म्हणून फिनिक्सच्या सुनेने दिलेलं काकूंचं काचेचं हरिण माळ्यावर गेलं.