बोजा चढवून घ्या हो, साहेब!

माननीय शाखाधिकारी साहेब,


गेल्या मंगळवारी माझा धाकटा भाऊ आणि भावजय तुमच्या केबिनमध्ये आठव्यांदा आले होते. तुम्ही दर वेळी इतक्या आपुलकीनं "उद्या या" म्हणता, की आमच्या घरी आता ते आमंत्रणच समजतात. आधी त्याबद्दल आभार.

पासबुक छापायचं यंत्र दिवाळीपासून बंद आहे, सर्व्हर गावच्या एसटीपेक्षा कमी वेळा येतो आणि काउंटरवरच्या सुतळीच्या टोकाला पेन नाही. घरकुलाला जाहीर झालेली पाच ब्रास मोफत वाळू अजून नदीतच आहे, पण तो दोष तुमचा नाही. माझी तक्रार फक्त सत्तर हजारांची.

भावाला घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेतून आमच्यासारख्या सपाट मुलखात १ लाख २० हजार मिळतात, तेही हप्त्या-हप्त्यानं. त्यात किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर बांधायचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. जोत्यातच पैसा मातीला मिळाला. सरकारलाही हे ठाऊक असावं, कारण योजनेतच लिहिलंय की लाभार्थ्याला हवं असेल तर ७० हजारांपर्यंतचं कर्ज मिळवून द्यायला मदत करावी. भाऊ ते वाचून तुमच्याकडे आला. वाचता येणं, हा त्याचा पहिला गुन्हा.

तुम्ही सातबारा मागितलात. घर गावठाणात, तिथं कुठला सातबारा? त्यानं ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढं केला. तुम्ही म्हणालात, हा घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. मान्य. मग त्यानं सनद आणली. २०२० साली स्वामित्व योजना निघाली, आमच्या कौलांवरून ड्रोन भिरभिरला आणि आता गावातल्या घरावरही बँक कर्ज देईल, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सनद तुम्ही उलटसुलट करून पाहिलीत आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागितलात. साहेब, त्या सनदेचं वय तीन वर्षं. उरलेली सत्तावीस तिनं कुणाकडून उसनी आणायची?

आमच्या घरात 'बोजा' या शब्दाची धास्ती होती. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला त्या रात्री बाप जेवला नव्हता. आज त्याचाच पोरगा हात जोडून म्हणतोय, चढवा हो बोजा! आणि तुम्ही म्हणता, हे घर बोजाच्याही लायकीचं नाही.

मग तुम्ही विचारलंत, "सोनं आहे का काही?"

भावजयीनं पदर ओढून घेतला, पण तोवर तुम्हाला दिसली होती. बोरमाळ, तिच्या आईची. तुमच्या सराफानं ती कसोटीवर घासली, काट्यावर तोलली, मण्यांतल्या लाखेचं वजन वजा केलं. चाळीस मिनिटांत पैसे खात्यात. त्या बोरमाळेला कुणी तीस वर्षांचा इतिहास विचारला नाही. तेवढा तिच्याकडे खरंच होता.

योजनेचा नियम सांगतो, घर बाईच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या. वा! घर तिच्या नावावर करायचं आणि भिंत उभी राहावी म्हणून तिच्याच गळ्यातलं उतरवायचं. वर भिंतीवर योजनेची पाटी रंगवायची. लाज कुणी धरायची, साहेब? आठ खेपांत एकदा तरी सांगायचंत की हे कर्ज तुम्ही देणारच नव्हतात. तिनं माळ कधीच काढून ठेवली असती, निदान आठ दिवसांची मजुरी तरी वाचली असती.

आणि तरी तुमच्यावर धड रागावता येत नाही. पावती देताना तुम्ही तोडक्या मराठीत हळूच म्हणालात, "माझ्या वडिलांचं घर पण असंच आहे, गावात. मला पण नाही मिळालं कर्ज." कर्जवाटपाचं उद्दिष्ट वरून येतं, परिपत्रक वरून येतं, बुडालेल्या पैशाचा जाब मात्र तुम्हाला. तुमचीही सनद कुणीतरी उलटसुलट करून पाहिली असणार.

स्लॅब पडला की घरभरणी आहे. नक्की या. पत्ता विचारावा लागणार नाही. प्रत्येक हप्त्याआधी काढलेल्या फोटोसोबत घराचे अक्षांश-रेखांश सरकारदरबारी जमा आहेत. घर फक्त तुमच्याच संगणकात सापडत नाही. जेवून जा. एवढंच करा, भावजय वाढायला वाकली की मान खाली घाला.

आपला,
एका लाभार्थ्याचा थोरला भाऊ