शिंक्रोनायझेशन

तेलंगणाच्या सीमेलगत, धर्माबादजवळच्या एका कारखान्याच्या पॉवर प्लांटवर मी इलेक्ट्रिकलचा शिफ्ट इनचार्ज. गावात याचा अर्थ 'एसीत बसून पगार घेणारा' असा होतो, आणि रात्री अडीचला कुणी डोकावलंच, तर तो अगदीच खोटा ठरत नाही. दर तासाला लॉगशीट भरायची, मधूनच यार्डात जाऊन ट्रान्सफॉर्मरचं सिलिका जेल निळं आहे की गुलाबी झालं ते बघायचं. काही झालं नाही तर 'हे करतात काय?', झालं तर 'हे करत काय होते?'

खरा कस लागतो टर्बाइन ग्रिडला जोडताना. लग्नात 36 गुण बघतात, आम्ही चारच: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेजचा क्रम आणि कोन. पण 'अठरा जमले, उरका' इथं चालत नाही; कोन चुकला तर शाफ्टपासून वाइंडिंगपर्यंत सगळं हादरतं. सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश फिरत बारावर येता येता ब्रेकर लावायचा. ऑटो सिंक्रोनायझर आहे, पण ऑपरेटर मामांचा त्याच्यावर भरवसा नाही.

त्या रात्री काटा अकरावर, मामांचा हात स्विचवर, आणि हेल्परनं सणसणीत शिंक दिली. मिरचीचं गाव, हंगामात वाराही तिखट असतो. मामांनी हात मागे घेतला.

"आगंडी सार!" मामा घाबरले की तेलुगूत घाबरतात. "आता जोडशिंक झाल्याशिवाय दोष जात नसतो." मग हेल्परला, "दे रे अजून एक!"

हुकमावर शिंक येते थोडीच! काटा फेऱ्या मारतोय, फोनवर बॉयलरवाला ओरडतोय, "वाफ हवेत चाललीय साहेब, जोडा की!" शेवटी मामांनी हेल्परला तपकीर दिली. शिंक आली, ब्रेकर धाडकन बसला, आणि रिव्हर्स पॉवरवर ट्रिप व्हायच्या आत मी लोड उचलला.

उशिराचं कारण मामांनी लॉगबुकात लिहिलं: 'ग्रिड फ्रिक्वेन्सी अस्थिर.' 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइननं दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाला जोडला, तेव्हापासून सीमेच्या दोन्ही बाजूंना फ्रिक्वेन्सी एकच. (इथल्या बाभळी बंधाऱ्याच्या पाण्याचं मात्र त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी. वीज त्या मानानं समंजस.) म्हणजे खापर फोडायला मामांना कन्याकुमारीपर्यंत रान मोकळं.

सकाळी साहेबांनी विचारलं, "फ्रिक्वेन्सीला काय झालं होतं?"

"मिरचीचा सीझन आहे सार," मामा म्हणाले.