पार थ्री

परदेशी जाऊन आलेला गृहस्थ वर्षभर तरी सोसावा लागतो. कोणी तिथल्या रस्त्यांची आरती करतो, कोणी दुधाच्या गॅलनची. बुरोंडीच्या आमच्या अण्णांनी बॅगेतून एकच वस्तू आणली : पार थ्री. आणि तिची मुदत काही संपत नाही.

अण्णांचे मेव्हणे जन्मभर अमेरिकेत नोकरी करून फ्लोरिडात ‘द व्हिलेजेस’ नावाच्या वसाहतीत राहायला गेले. तिथे बिऱ्हाड करायचं तर घरात एक तरी माणूस पंचावन्नच्या पुढचं लागतं. रस्त्यावर मोटारींपेक्षा गोल्फच्या गाड्यांचा थाट. लांबलचक अठरा होलची मैदानं आहेत, पण म्हाताऱ्यांचा खरा जीव छोट्या मैदानांवर. नऊ होल, बहुतेक पार थ्री, म्हणजे तीन टोल्यांत चेंडू भोकात जावा एवढंच अंतर. अशी मैदानं चाळीसच्या वर, आणि रहिवाशांना खेळायला वेगळी फी नाही. मग रोज सकाळी चहावर प्रश्न : आज कुठलं? कुठे चढ कमी, कुठे सावली, कुठे तळं आडवं येतं, कुठे पुढची चौकडी रेंगाळून डोकं उठवते. अण्णांना टोला काही जमला नाही. पहिला चेंडू तळ्यात, दुसराही तळ्यात, आणि तळ्यात मगर. (मगर बघायला फ्लोरिडा कशाला, आमच्या वाशिष्ठीत पडल्यात की!) पण जन्म बँकेच्या कर्जविभागात गेलेला, त्यामुळे प्रकरण तपासून ‘मंजूर’ म्हणायची सवय हाडात. मेव्हणे खेळायचे, अण्णा निवडायचे. महिन्याभरात शेजारचे अमेरिकन म्हातारेही फाटकाशी येऊन विचारू लागले, आज कुठलं?

आता हे सगळं तिथेच राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

बुरोंडीत उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी गावाची प्रतवारी सुरू केली. घर ते बंदर, पार फोर : एक उतरायला, एक मासळीच्या भावाला, दोन घाटी चढायला. लाडघरचा किनारा पार थ्री, पण ओहोटी बघून. दापोली पार फाइव्ह. अंतर फार नाही, एसटी हा अडथळा धरायचा. काकू बाजारातून उशिरा आल्या की अण्णा पडवीतून म्हणणार, “दोन जास्त घेतलेस गो.” पंगतीत जिलबी तिसऱ्या वाढपाला आली नाही तर यजमानाच्या नावावर एक टोला वाढला. मला मळमळायला लागलं म्हणून दापोलीच्या डॉक्टरांकडे निघालो, तर हे गाडीच्या खिडकीशी : “जिना आहे त्यांच्याकडे. पार थ्री म्हणून जाशील आणि पाच घेशील.” एका मर्तिकाला तर कहर झाला. तिरडी उचलली आणि कानाशी कुजबूज आली, “स्मशान तसं पार थ्रीच रे, पण शेवटचा चढ वाईट.” मला हसू आवरेना, लोकांना वाटलं, हुंदका.

गावात परशुरामाचा भलामोठा पुतळा आहे, पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर उभा. पर्यटक खाली उभे राहून फोटो काढतात. त्यांना गाठून अण्णा सांगतात, “यांनी एका बाणात समुद्र मागे हटवला. लाँग ड्राइव्ह! पण ते वय वेगळं. आपण आता शॉर्ट कोर्स बघावा.” पर्यटक भक्तिभावाने मान हलवतात.

मग एका पावसाळ्यानंतर अण्णांनी सड्यावर मैदानच काढलं. नियमाने पिशवीत चौदा काठ्या चालतात. अण्णांकडे एक, मेव्हण्यांनी टाकून दिलेली. गोल्फचं भोक सव्वाचार इंच रुंद असतं, म्हणून घरातल्या करवंट्या पट्टीने मोजून झाल्या. कातळात भोक पाडायचं तर सुरुंग लावावा लागेल; तेव्हा जिथे खळग्यात माती साचलीय तिथेच करवंटी बसली. जांभ्यावर आपटलेला चेंडू कुठे जाईल ते परशुरामालाही सांगता येणार नाही. बहुतेक वेळा हापूसच्या कलमांत जातो आणि राखणदाराच्या शिव्या घेऊन परत येतो.

मी थट्टा करायला गेलो होतो. बांधावर अण्णांची वही पडलेली, बँकेच्या जुन्या डायरीतली कोरी पानं. वाटलं, टोल्यांचा हिशेब असेल. वाचतो तर वरच्या वाडीतल्या एका आजींच्या नावापुढे : ‘डावा गुडघा. करवंटी एक व दोन फक्त. फणसाखाली बसणे.’ एका निवृत्त गुरुजींपुढे : ‘दिसतं कमी. चेंडू पिवळा द्यावा. बोलायला माणूस हवा.’ एका खलाशाला सगळ्या करवंट्या माफ होत्या, ‘नुसतं यावं’ एवढंच लिहिलेलं. चौदा-पंधरा नावं. कोणाला आज कुठपर्यंत झेपेल, ते रोज पहाटे ठरत होतं. जो कोणी दोन दिवस दिसला नाही, त्याच्या नावाखाली रेघ, आणि अण्णा त्याच्या दारात. माणूस पिडतो, पण निवडतो बरोबर, हे मला कबूल करावं लागतंय.

म्हाताऱ्यांची वसाहत आपल्याकडे नवी आहे असंही नाही. इंग्रजांनी दापोलीच्या कॅम्पात थकलेल्या शिपायांची पलटणच ठेवली होती. आता त्यासाठी सरकारी हुकूम लागत नाही. मुंबईला जाणारी रातराणी पुरते. व्हिलेजेसमध्ये एकोणीस वर्षांखालच्या पाहुण्याला वर्षाकाठी तीसच दिवस राहता येतं, असं अण्णांनी पडवीत सांगितलं तेव्हा बायका हळहळल्या. काय ते मेलं निर्दयी गाव! मी गणपतीचे आणि मे महिन्याचे दिवस बोटांवर मोजले. आमची नातवंडं पंचवीसच्या आतच परत जातात, आणि आमच्याकडे नियमही नाही.

गेल्या हिवाळ्यात मेव्हणे आले. सड्यावर तीन करवंट्या खेळले, दोन चेंडू कलमांत घालवले, आणि गुरुजींशी तासभर बोलत बसले. उठताना खिशात हात घालून म्हणाले, “जागा झकास आहे. मेंबरशिप कशी आहे इथली?”

“पंचावन्न पूर्ण लागतात,” अण्णा काठी पुसत म्हणाले, “आणि मुलगा मुंबईला लागतो.”