कांजूरमार्गला परदेश म्हणत नाहीत

बॉस्टन

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,


भाच्याला पवईच्या आयआयटीत हॉस्टेल मिळालं, आनंद झाला. पण त्याला सोडून आल्यापासून वहिनी धड जेवत नाहीत म्हणे! अहो वहिनी, मुलुंडहून नाहूर, भांडुप, की आलं कांजूरमार्ग. तिसऱ्या स्टेशनावर कसला आलाय विरह? १९५९ मध्ये नेहरूंनी पायाभरणी केली तेव्हा पवईत रान होतं. तेव्हाच्या आयांनी पदर डोळ्यांना लावला असेल तर समजू शकते. आता शेजारी अख्खं हिरानंदानी उभं आहे.

मी हे अधिकारवाणीने लिहितेय, कारण आम्हीही सध्या हॉस्टेलातच राहतो. ह्यांनी युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात सहकुटुंब राहायचं काम पत्करलंय. वरच्या सगळ्या मजल्यांवर मुलं, तळमजल्यावर आम्ही. भाडं नाही, त्या बदल्यात मुलांना अधूनमधून चहाला बोलवायचं आणि त्यांना घरच्यासारखं वाटेल असं बघायचं. त्यांना वाटतंही. रात्री दोन वाजता डोक्यावर बास्केटबॉल आपटतो तेव्हा वाटत नाही ते फक्त मला.

मुलं येतात ते दिवस बघण्यासारखे. इथले बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला बदलतात, त्यामुळे सगळं गाव एकदमच बिऱ्हाड हलवतं. दरवर्षी कोणीतरी पाटी न वाचता सामानाचा ट्रक स्टॉरो ड्राइव्हच्या बुटक्या पुलाखाली घालतो आणि टप सोलून घेतो. इकडे आमच्या दारात आया. हॉस्टेलची गादी ८० इंच लांब, घरून आणलेली चादर ७५ इंची गादीची. एक उंचनिंच बाई गुडघ्यावर बसून चादरीचं टोक ओढत होती. इकडचा कोपरा बसवला की तिकडचा निसटायचा. मुलगा दारात उभा, "मॉम, राहू दे." शेवटी ती चादरीवर चिडून रडली. चादरीवरच हं, मुलावर नाही.

नंतर रूममेट लोक करारपत्र भरतात: दिवे कधी मालवायचे, पाहुणे कधी, केर कोणी काढायचा. खाली दोघांच्या सह्या. दादा, लग्नात असा कागद असता तर वहिनींनी सही करण्याआधी दोनदा वाचला असता.

शेजारच्या एमआयटीत बेकर हाऊस नावाचं हॉस्टेल आहे. विषय सोडून द्यायची शेवटची तारीख आली की तिथली मुलं निकामी झालेला पियानो गच्चीवरून खाली टाकतात. १९७२ पासूनची प्रथा! आपण पेटीला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं. मी बघायला गेले आणि डोळे मिटून उभी राहिले. आवाज मात्र ऐकला.

तेव्हा पवईत काही बिघडत नाही. तलावात मगरी आहेत आणि आवारात कधीमधी बिबट्या दिसतो, हे वहिनींना कोणी सांगू नये. (दादा, हे पत्र मोठ्याने वाचत नसशील अशी आशा.) आणि रोज डबा नको. शंकरपाळे पाठवायचेच तर सगळ्या विंगेला पुरतील एवढे पाठवा, नाहीतर त्याच्या वाट्याला झाकण येईल.

तुमची,
धाकटी

ता. क. दादा, वॉर्डनचा नंबर वहिनींच्या हाती लागू देऊ नकोस. एका आईला ह्यांचा सापडलाय. काल रात्री फोन करून विचारत होती, मुलाने स्वेटर घातलाय का ते जरा वर जाऊन बघाल का? हे गेले. घातला नव्हता.