झिरो सेट

भोसरीतल्या एखाद्या गाळ्यातून दाताच्या दवाखान्यासारखा आवाज येत असेल आणि दारातल्या माणसाच्या भुवया भुशाने पिकलेल्या असतील, तर ओळखावं, हे राऊटरवाले दादा. वडील हाडाचे सुतार. त्यांच्या कानामागे पेन्सिल असायची. दादांच्या कानामागेही आहे, पण ती चहाचा हिशेब मांडायला. बाकी सगळं मशीन बघतं.

मशीन म्हणजे लाकूड कापणारा राऊटर: आठ बाय चार फुटांचं टेबल, त्यावर उभं-आडवं-वरखाली सरकणारं डोकं आणि त्या डोक्यात मिनिटाला 18,000 फेरे घेणारं बीट. दादा त्याच्याबद्दल घरातल्या कर्त्या मुलासारखं बोलतात. "तो चुकत नाही. माणूस चुकतो." माणूस म्हणजे अर्थातच गिऱ्हाईक. जाळी तिरकी आली? तुमची फाइल तिरकी. कड फाटली? तुमचा प्लाय हलका. बीट तुटलं? लाईटने डोळा मारला. चौकटीचा आतला कोपरा काटकोनात का नाही, असं मी एकदा विचारलं. "साहेब, सहा मिलिमीटरचं बीट गोल फिरतं. कोपऱ्यात तीनची गोलाई राहणारच. काटकोन पाहिजे तर पटाशी लावावी लागेल, आणि ते काम आम्ही सोडलं." वडिलांची पटाशी त्यांच्या फोटोखाली, हाराच्या सावलीत टांगलेली होती. गोलाईचं हे कारण शंभर टक्के खरं आहे. पण दादा खरं कारण आणि बाकीची कारणं एकाच सुरात सांगतात, त्यामुळे निवडणं अवघड जातं.

मशीनची भाषा ते कौतुकाने शिकवतात. जी झिरो म्हणजे कापायचं नाही, नुसतं पळायचं. जी वन म्हणजे ठरल्या वेगाने कापत जायचं. दादांच्या अंगातही हे दोन्ही हुकूम भरलेले आहेत. अ‍ॅडव्हान्स घ्यायला आणि टपरीवर जायला जी झिरो. आपलं काम निघालं की जी वन.

पाव मिलिमीटरचा फरक दादांना सहन होत नाही. काम सुरू करण्याआधी बीट मालाला टेकवून 'झिरो सेट' केल्याशिवाय ते तंबाखूसुद्धा मळत नाहीत. वेळेच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे साधी फूटपट्टीही नाही. तिथे एकच माप चालतं, 'उद्या संध्याकाळी', आणि ते पाडव्यापासून गणपतीपर्यंत कितीही ताणतं. गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी स्पिंडल गरम, शनिवारी फाइल बनवणारा पोरगा गावाला.

आमच्या घराच्या पाटीची संध्याकाळ तिसऱ्या आठवड्यात उगवली. नाव साधंच, 'कमलकुंज'. अक्षरं सुटी कापून भिंतीवर लावायची होती. आपल्या देवनागरीची सोय अशी की शिरोरेघ सगळ्यांना धरून ठेवते, शब्द अखंड निघतो. डोकं सरसर फिरलं, भुसा उडाला, दादांनी पाटी पुसून अभिमानाने माझ्यासमोर धरली. बायकोने मोठ्याने वाचली, "कमल, कुज."

क्षणभर मशीनसुद्धा गप्प झालं.

अनुस्वाराला शिरोरेघेचा आधार नव्हता. कापून सुटा झाल्याबरोबर भुसा ओढणाऱ्या पाइपने तो गिळला होता. "मशीनने टिंब बरोब्बर कापलं होतं," दादांनी ताबडतोब निकाल दिला. "फाइलमध्येच ते अधांतरी होतं." मग आम्ही तिघांनी भुशाचं पोतं उपसलं. जगातल्या अनेक पाट्यांची टिंबं तिथे सापडली, आमचं सापडलं नाही.

"नवीन फाइल करावी लागेल. उद्या संध्याकाळी..." दादा सुरू झाले. बायकोने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, पाटी वाचली.

दादांनी फोटोकडे बघितलं. हार बाजूला सरकवून पटाशी काढली. कचऱ्यातला एक तुकडा उचलला, चार ठोक्यांत कोपरे उडवले, कानस फिरवली, एक डोळा मिटून अंतर बघितलं आणि फेव्हिकॉल लावून टिंब बसवून टाकलं. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या गाळ्यात वेळेवर झालेलं ते पहिलं काम मी डोळ्यांनी पाहिलं.

"किती मिलिमीटरचं आहे?" मी विचारलं.

"टिंबाला कसलं माप, साहेब?" पटाशी पुसून खिळ्याला अडकवत दादा म्हणाले, "अंदाजे."